हलगीच्या ठेक्यावर गाव एका रांगेत

गळीत हंगाम आटोपला, कारखान्याच्या चिमणीचा धूर थांबला आणि तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, की आपल्या कार्यक्षेत्रात जत्रा-यात्रांचे दिवस सुरू होतात. चैत्र-वैशाखात पालखी निघत नाही असे गाव आपल्याकडे शोधूनही सापडायचे नाही. पालखीपुढे हलगी कडाडते, लेझमीची रांग वाकते, उठते, वळते आणि कडेला उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याचा पायही आपोआप ठेका धरतो. सभासद बंधू-भगिनींना हे चित्र नवे नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आपापल्या गावी ते प्रत्यक्ष किती वेळा दिसले, असे आम्ही यंदा गटवार फिरताना विचारले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी उत्तर येण्याआधी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

"लेझमी हायती की! देवळाच्या माळ्यावर पोत्यात बांधून ठेवल्यात," असे एका गावी सांगण्यात आले. पोते खाली काढून सोडले. साखळ्या गंजलेल्या, चकत्या गळलेल्या, मुठी वाळवीने खाल्लेल्या. चाळीसांतून धड निघाल्या अकरा.

याचा दोष पैशाला देता येणार नाही. जत्रेला भिंतीएवढ्या साउंडच्या पेट्या भाड्याने आणणारे गाव लेझमीच्या पथकाचा खर्च सहज उचलू शकते. मग अडले कोठे? गावोगावच्या जाणत्या मंडळींशी बोलताना तीनच कारणे पुन्हा पुन्हा पुढे आली. डाव सांगणारा उरला नाही. हलगीवाल्याला मानाने बोलावणे गेले नाही. आणि गावात दोन मंडळे झाली, त्यामुळे मिरवणुकाही दोन झाल्या. गावाने मनावर घेतले तर सुटणार नाही, असे यांतले एकही कारण नाही. म्हणून यंदा हा विषय आम्ही सविस्तर मांडावयाचे ठरविले.

लेझीम आली कोठून?

लेझीम हा शब्द मूळचा फारसी. धनुष्य ओढण्याचा सराव व्हावा म्हणून दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले एक धनुष्य पूर्वी तालमीत वापरीत. त्याचे हे नाव. म्हणजे लेझीम ही आधी कसरत, मग खेळ. पुढे धनुष्याची कमान जाऊन तिच्या जागी सरळ लाकडी दांडी आली, साखळीत चकत्या ओवल्या गेल्या आणि दंडाची ताकद वाढविणारे हे साधन ताल धरणारे वाद्यही झाले. आजही अर्धा तास लेझीम खेळून पाहावी. खांदे, कंबर, मांड्या आणि छाती सगळ्यांना एकदम हिशोब द्यावा लागतो.

आपल्या व्यायामशाळांनी लेझमीला फार मोठे केले. बडोद्याला जुम्मादादा व्यायाममंदिराच्या प्रा. माणिकरावांनी सांघिक व्यायामाचा प्रसार केला. अमरावतीला १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामाची व खेळांची प्रात्यक्षिके परदेशी लोकांपुढे केली. शाळाशाळांतून कवायतीच्या तासाला लेझीम आली ती याच वाटेने. १९८२ साली दिल्लीला एशियाड भरले, तेव्हा उद्घाटनाच्या सोहळ्यात सांगली जिल्ह्यातल्या लेझीमवाल्यांनी सारे स्टेडियम दणाणून सोडले. ज्या मातीत ऊस पिकतो त्याच मातीतले हे खेळाडू होते, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

डाव सांगणारा कोण?

लेझीम म्हणजे नुसता हातपाय हलविणे नव्हे. बत्तीस माणसे एकाच क्षणी बसली पाहिजेत, एकाच क्षणी उठून वळली पाहिजेत. हे जमते ते पुढे उभ्या असलेल्या एका माणसामुळे. त्याच्या तोंडात शिट्टी असते, डोळा रांगेवर असतो आणि कान हलगीवर असतो. कोणी त्याला वस्ताद म्हणतात, कोणी म्होरक्या म्हणतात. चालू डाव संपायच्या थोडे आधी तो पुढच्या डावाची खूण देतो. 'थोडे आधी' हीच त्यातली गोम आहे. खूण उशिरा दिली तर निम्मी रांग जुन्या डावात राहते. फार लवकर दिली तर उतावळी पोरे आधीच वळतात.

अशी खूण देणारा माणूस प्रत्येक सामुदायिक नाचात कोठे ना कोठे असतोच. पालघर-डहाणूकडच्या वारली बांधवांच्या तारपा नाचात मध्यभागी तारपा वाजविणारा असतो. त्याने सूर बदलला की हातात हात गुंफलेल्या साखळीचे पाऊल बदलते. म्हणजे तेथे वाजविणारा हाच सांगणारा. आपल्या भागातल्या धनगर बांधवांचे गजीमंडळ घ्या. माण, खटाव, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात ढोल-झांजांभोवती पांढऱ्या पोशाखातली, हातात रंगीत रुमाल घेतलेली मंडळी फेर धरतात. तेथेही ढोलाची थाप बदलली की फेराची चाल बदलते. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याच्या पिवळ्या ढगाखाली ढोल ऐकलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. आणि आपल्या माता-भगिनींचा झिम्मा? तेथे वाद्यच नाही. एकजण गाण्याची ओळ टाकते, बाकीच्या झेलतात. जिच्या तोंडी ओळ, तिच्या हाती सगळा फेर.

दूरदेशीही तऱ्हा हीच आहे. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात गावकरी एखाद्या सभागृहात जमतात, जोडीजोडीने समोरासमोर लांब रांगा करून नाचतात. व्यासपीठावर फिडल वाजविणारे बसतात आणि शेजारी 'कॉलर' नावाचा माणूस उभा राहतो. कॉलर म्हणजे पुकारा करणारा. तो प्रथम वाद्याशिवाय सगळ्यांना पावले चालवून दाखवितो. मग वाद्य सुरू होते आणि प्रत्येक चाल येण्याच्या अगोदर तो दोन-चार शब्दांत तिचे नाव पुकारतो. चौसष्ट पावलांची एक फेरी पुरी झाली की प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकते आणि तिच्यासमोर नवी जोडी येते. त्यामुळे रात्रभरात जवळपास प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते. सावकार आणि सुतार समोरासमोर येतात. सात-आठ फेऱ्यांनंतर लोकांच्या अंगात चाल मुरली, की कॉलर गप्प बसतो. चांगल्या कॉलरची परीक्षा तो केव्हा बोलायचे थांबतो यावर होते, असे तेथे मानतात. आपल्या वस्तादांनाही हे पटेल.

एका गावाची गोष्ट

आपल्या कार्यक्षेत्रातल्या नदीकाठच्या एका गावात बंद पडलेली लेझीम पुन्हा सुरू झाली. गावाचे नाव आम्ही छापत नाही. "पुढच्या वर्षी बंद पडली तर नाक कापलं जाईल," असे तेथल्या मंडळींनी हसत सांगितले, पण त्यामागची काळजी खरी होती.

या गावात देवस्थानच्या मालकीच्या चाळीस लेझमी. एका निवडणुकीनंतर तरुणांची दोन मंडळे झाली आणि लेझमींची वाटणी झाली, वीस-वीस. भावकीत बैलजोडी वाटावी आणि एकेक बैल घरी न्यावा, तसा प्रकार. वीस लेझमीत ना रांग भरे ना आवाज भरे. दोन-तीन वर्षांत दोन्ही पोती माळ्यावर गेली आणि दोन्ही मंडळांनी दोन वेगळ्या साउंडवाल्यांना सुपारी दिली.

गावात एक जुने वस्ताद आहेत. वय पंचाहत्तरीच्या घरात, गुडघे गेलेले. बावीस डाव त्यांना तोंडपाठ. विकास सोसायटीच्या सचिवांनी आणि शाळेच्या एका गुरुजींनी त्यांना गाठले, तेव्हा ते म्हणाले, "मला आता बसता येत न्हाई, उठता येत न्हाई. खुर्ची टाका, तोंडानं सांगतो."

पहिल्या संध्याकाळी नऊ पोरे आली. वस्तादांनी शिस्तीत 'एक-दोन-तीन-चार' सुरू केले. तिसऱ्या दिवशी पाच उरली. वस्तादांनी डोके चालविले. "हलगी न्हाई तवर ही पीटीच हाय. पीटीला कोण येतंय?" असे म्हणून त्यांनी हलगीवाल्याला निरोप धाडायला सांगितले.

हलगीवाले आले नाहीत.

मानाची बिदागी

आपल्या भागात हलगीची कला मुख्यतः मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. गावाचे सुखदुःख, जत्रा, कुस्त्यांचा फड, वरात यांतले काहीही हलगीवाचून पुरे होत नसे. परंतु वाजविणाऱ्याला गावाने काय दिले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा. या गावचे हलगीवाले साठी ओलांडलेले. काही वर्षांपूर्वी एका वरातीत पहाटेपर्यंत वाजवून घेतले, जेवायला सर्वांत शेवटी बसविले आणि ठरलेल्या पैशांसाठी महिनाभर हेलपाटे घालायला लावले. त्या दिवसापासून त्यांनी हलगी खुंटीला टांगली ती टांगलीच.

सचिव आणि गुरुजी त्यांच्या घरी गेले. आजवर ज्यांना गावात कोणीही 'ये रे, वाजव रे' म्हणावे, त्यांना "आप्पा, तुम्ही आलात तरच पोरं शिकतील," असे कोणी दारात येऊन म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी. आप्पांनी चहा दिला आणि तीन अटी सांगितल्या. पैसे आधी ठरवायचे व वाजवून झाले की त्याच रात्री द्यायचे. जेवण सगळ्यांच्या पंगतीत. आणि तिसरी अट : "माझी नात सातवीत हाय. तिला लेझमीच्या रांगेत घ्यायचं. कडेला न्हाई, मधी."

पहिल्या दोन अटी लगेच मान्य झाल्या. तिसरीवर गावात दोन दिवस कुजबुज झाली, ती आम्ही लपवीत नाही. शेवटी वस्तादांनीच खुर्चीतून निकाल दिला, "लेझमीला जात नसती. ताल असतो न्हाईतर नसतो." चौथ्या संध्याकाळी आप्पांनी शेकोटीवर हलगी शेकली, काडी आणि टिपरू हातात घेतले आणि शाळेच्या मैदानावर पहिला ठोका पडला. त्या संध्याकाळी शिकायला सव्वीस जण होते आणि सातवीतली नात दुसऱ्या रांगेत, मध्ये उभी होती.

पुढचा पेच दोन मंडळांचा. पोरे आली, पण आपापल्या मंडळाची वेगळी रांग करून उभी राहिली. वस्तादांनी मंडळाचे नावही काढले नाही. "उंचीनं उभं ऱ्हावा," एवढेच म्हणाले. बुटकी पुढे, उंच मागे. आपोआप एका मंडळाचा पोरगा दुसऱ्या मंडळाच्या पोराशेजारी आला. शेजाऱ्याकडे पाहिल्याशिवाय ताल जमत नाही, आणि ताल जमवायचा तर अबोला धरून चालत नाही.

हनुमान जयंतीला बत्तीस जणांची रांग पालखीपुढे निघाली. गावातले भांडण मिटले, असे आम्ही म्हणणार नाही. मंडळे अजून दोनच आहेत आणि वर्गणीच्या पावत्याही दोन. परंतु चाळीस लेझमी दुरुस्त होऊन आता एकाच पेटीत आहेत, आणि पेटीला दोन कुलपे असून एकेक किल्ली एकेका मंडळाकडे आहे. एकाला दुसऱ्यावाचून लेझीम काढता येत नाही. सहकार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

सुरू करावयाचे झाल्यास

इतर गावांनाही उपयोग व्हावा म्हणून वस्ताद, हलगीवाले आणि गुरुजी यांच्याकडून समजलेल्या गोष्टी येथे क्रमाने देत आहोत.

१) माणसे : समसंख्या ठेवावी. चोवीस किंवा बत्तीस जण चार रांगांत चांगले शोभतात. प्रत्येकाला चहूबाजूंनी हात फिरवायला साधारण सहा फूट जागा लागते. आठ-आठांच्या चार रांगा म्हणजे जवळजवळ पन्नास फूट रुंद आणि पंचवीस फूट खोल जागा झाली. वस्ताद व वाद्ये यांना पुढे आणखी दहा फूट सोडावेत.

२) जागा : 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण खरी, पण अंगणाचाही थोडा विचार करावा. सिमेंट काँक्रीटवर रोज बसण्या-उठण्याचे डाव केल्यास गुडघे व घोटे दुखतात. पाणी मारून दाबलेली माती उत्तम.

३) वेळ : दूध डेअरीला घालून झाल्यावर रात्री आठ ते साडेनऊ ही वेळ बहुतेकांना सोयीची पडते. ज्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात निम्मी मंडळी पाण्यावर असणार. वेळापत्रक पाहूनच सरावाचे दिवस ठरवावेत, म्हणजे रुसवे-फुगवे होणार नाहीत.

४) कोणाला कोठे उभे करावे : नवशिका माणूस नेहमी मध्ये असावा, म्हणजे पुढे आणि दोन्ही बाजूंना त्याला पाहायला कोणीतरी मिळते. जाणती माणसे चार कोपऱ्यांत ठेवावीत. रांग मागे वळली की शेवटची रांग पहिली होते. तेथे सगळेच नवखे असले तर साऱ्यांचाच घोटाळा होतो.

५) डाव शिकविणे : पहिल्या आठवड्यात तीन-चार डावांपेक्षा जास्त शिकवू नयेत. प्रत्येक डाव आधी तोंडी अंकांवर, मग सावकाश हलगीवर, मग पूर्ण वेगात. परंतु हलगी पहिल्या दिवसापासून मैदानावर हवीच. मोबाईलवर ठेका लावून सराव करणारी पथके आम्ही पाहिली. यंत्राचा ठेका माणसासाठी थांबत नाही. एखादा नवखा अडखळला तर जिता हलगीवाला एक आवर्तन जास्त वाजवून त्याला सावरून घेतो.

६) पुकारा : डावाचे नाव एका-दोन शब्दांचे असावे आणि सर्वांना माहीत असलेलेच असावे. लांबलचक सूचना चालू ठेक्यात ऐकू येत नाही. शिट्टीच्या खुणाही ठरवून घ्याव्यात. पुकारा एकानेच करावा. दोघे ओरडू लागले की रांगेचे दोन तुकडे झालेच म्हणून समजावे.

७) वाद्ये : एक हलगी, एक घुमके आणि एक कैताळ एवढ्यावर बत्तीस जणांची रांग सहज चालते, सनई मिळाल्यास दुधात साखर. मैदानावर वाद्ये पुढे मध्यभागी ठेवावीत. मिरवणुकीत मात्र ती रांगेच्या मधोमध घ्यावीत. याचे कारण सोपे आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटर लांब मिरवणुकीच्या तोंडाशी हलगी वाजत असेल तर शेवटच्या माणसाला ठोका जवळजवळ पाव सेकंदाहून अधिक उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोके पडत असतील तर दोन ठोक्यांमध्ये अंतर अर्ध्या सेकंदाचे. म्हणजे शेवटचा माणूस निम्म्या ठोक्याने मागे पडणार, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसताना! वर सांगितलेल्या गावात पहिल्याच मिरवणुकीत मागच्या पोरांवर ओरडा झाला. मग आप्पा स्वतःच चालत मध्ये येऊन उभे राहिले आणि ताल जागेवर आला.

८) दम : वीस मिनिटे खेळ, दहा मिनिटे विसावा. पाण्याची घागर मैदानावर हवी. सुरुवातीला अंग मोकळे करून घ्यावे. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच रांगेत यावे. पुकारा करण्याचे, हिशोब ठेवण्याचे कामही तितकेच मोलाचे आहे.

९) हिशोब : बिदागी, लेझमींची दुरुस्ती, चहापाणी या तीन सदरांचा जमाखर्च वहीत लिहून देवळाच्या फळ्यावर लावावा. हिशोब उघडा असला की शंका राहात नाही, हे सहकारात वाढलेल्या आपल्या लोकांना सांगण्याची गरज नाही.

आवाजाचा कायदा

ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० सालापासून लागू आहेत. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बऱ्याच मंडळींचा असा समज आहे, की हा नियम फक्त साउंडला आहे, हलगीला नाही. तसे नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या बंदीत वाद्येही आली आहेत. म्हणून मिरवणुकीची परवानगी आधी पोलीस ठाण्यातून घ्यावी आणि दहाच्या आत आवरावे. लवकर सुरू केले की लवकर आवरते. उशीर होतो तो बहुधा पाहुण्यांच्या सत्कारांमुळे, लेझमीमुळे नव्हे.

साउंडवाल्यांशी आमचे वैर नाही. तोही कोणाचा तरी धंदा आहे. परंतु एक फरक ध्यानात घ्यावा. साउंडपुढे नाचताना प्रत्येकजण आपापल्या नादात असतो, शेजारी पडला तरी कळत नाही. खिडक्यांची तावदाने हादरतात, तान्ही मुले दचकतात, आजारी माणसे कानात बोळे घालतात. लेझमीची रांग जाते तेव्हा तीच माणसे दारात येऊन उभी राहतात.

भगिनी आणि तोडणी मजूर

शाळेत मुली मुलांच्या बरोबरीने लेझीम खेळतात. दहावी झाली की मुलीची लेझीम सुटते, मुलाची तालमीत चालू राहते. दोन गावांत बचत गटाच्या भगिनींनी आम्हाला विचारले, "आम्हाला शिकवणार कोण?" उत्तर त्यांच्याच घरात आहे. शाळेत शिकलेल्या लेकी आणि सुना याच पहिल्या शिक्षिका होऊ शकतात. झिम्मा-फुगडीत पुकारा करणारी बाई लेझमीतही पुकारा करू शकते. ताल तोच, फक्त हातात साधन आले. सराव दिवेलागणीच्या आत आणि देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात ठेवला तर घरच्यांचीही तक्रार राहणार नाही.

दुसरी गोष्ट तोडणी मजुरांची. दरवर्षी बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून ही मंडळी सहा-सहा महिने आपल्या फडात राहतात. टोळीत हलगी वाजविणारे, गाणारे, फेर धरणारे असतात, पण आपण त्यांना फक्त कोयत्याने ओळखतो. एका गावाने गेल्या हंगामात टोळीतल्या दोघा हलगीवाल्यांना सरावाला बोलाविले. त्यांची वाजविण्याची धाटणी वेगळी, गावच्या हलगीवाल्यांनी ती कौतुकाने उचलली. यात एक पथ्य पाळावे. ही माणसे पहाटे फडात उतरतात आणि रात्री-अपरात्री गाडी भरतात. त्यांना सुट्टीच्याच दिवशी बोलवावे, बिदागी द्यावी, आणि त्यांची मुले मैदानाच्या कडेला उभी असतील तर त्यांच्याही हातात लेझीम द्यावी. फुकटची करमणूक म्हणून कोणालाही बोलावू नये.

वहीत उतरवा

शेवटी एक निकडीची गोष्ट. १६५१ साली लंडनला जॉन प्लेफर्ड नावाच्या प्रकाशकाने तिकडच्या गावनाचांचे एक पुस्तक छापले. चाली आणि सूर दोन्ही कागदावर आले, म्हणून आज पावणेचारशे वर्षांनीही ते नाच करता येतात. पुढे १९११ साली सेसिल शार्प यांनी असे नाच गोळा करून शिकविणारी संस्थाच काढली. आपल्या वस्तादांचे डाव कोणत्या पुस्तकात आहेत? ते त्यांच्या गुडघ्यांत, मनगटांत आणि तोंडात आहेत. वर सांगितलेल्या वस्तादांना बावीस डाव येतात. पोरांना आजवर नऊ आले. उरलेले तेरा अजून एकट्या वस्तादांकडेच आहेत.

म्हणून आमची विनंती अशी. प्रत्येक गावाने एक शंभरपानी वही करावी. डावाचे नाव, किती अंकांचा, कोणते पाऊल आधी, कोठे वळायचे आणि हलगी कोठे बदलते, एवढे लिहावे. शाळेतल्या मुलांकडून आकृत्या काढून घ्याव्यात. मोबाईलवर चित्रीकरण जरूर करावे, पण मोबाईल हरवतो, बिघडतो. वही देवळाच्या कपाटात राहते. वहीच्या पहिल्या पानावर वस्तादांचे आणि हलगीवाल्यांचे नाव एकाच ओळीत लिहावे.

ज्या गावांत डाव सांगणारे किंवा हलगी वाजविणारे जाणते आहेत, त्यांची माहिती गावकऱ्यांनी आपल्या गटाच्या शेती कार्यालयात द्यावी. ज्या गावांत कोणी उरलेले नाही, त्यांनीही निःसंकोच कळवावे. शेजारच्या गावाचा वस्ताद चार संध्याकाळ येऊन शिकवील, त्याच्या जाण्यायेण्याची आणि मानाची सोय गावाने करावी. पुढच्या हंगामाची पहिली मोळी टाकायला अजून काही महिने अवकाश आहे. आडसाली लागणीची घाई सुरू होण्यापूर्वी निदान पोती माळ्यावरून खाली काढून, किती लेझमी धड आहेत, एवढे तरी मोजून पाहावे.